परदेशातली दंगल: इंग्लिश फुटबॉल चाहत्यांची बातमी कशी वाचावी

इंग्लंडचा संघ किंवा एखादा इंग्लिश क्लब युरोपातल्या एखाद्या शहरात खेळायला गेला आणि तिथे राडा झाला, की दुसऱ्या दिवशी जगभर एकाच धाटणीचे छायाचित्र फिरते: चौकातल्या कॅफेच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हवेत, उघड्या अंगाचा, उन्हाने लाल झालेला एक तरुण आणि मागे ढाली घेतलेल्या पोलिसांची रांग. आपल्याकडे ही बातमी वृत्तसंस्थांमार्फत चार ओळींत येते आणि त्या चार ओळींत ‘दारूच्या नशेत’ हे शब्द बहुधा असतातच. फुटबॉलविषयी लिहिणाऱ्या किंवा नुसतेच मन लावून वाचणाऱ्या मराठी वाचकाला या छायाचित्राच्या मागे जायचे असेल, तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कुठे थांबून शंका घ्यावी, हे पुढे सांगितले आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे सूचनांचा कल लपून राहणार नाही. काही इंग्लिश चाहते भांडायच्या तयारीनेच घराबाहेर पडतात, यात शंका नाही. पण ते थोडे असतात, आणि थोड्यांचे भांडण शेकडोंची दंगल का होते, याचे उत्तर त्या थोड्यांच्या स्वभावात सापडत नाही. ते सापडते पहिली खुर्ची उडण्याआधीच्या काही तासांत: त्या तासांत यजमान शहर आणि पोलीस बाकीच्या गर्दीशी कसे वागले आणि त्या वागण्यामुळे गर्दीत कोणाचा शब्द चालू लागला, यात.

आधी वेळापत्रक मांडावे

बातमी हाती आली की सर्वप्रथम कागदावर त्या दिवसाचे, आणि जमल्यास आदल्या दिवसाचेही, वेळापत्रक मांडावे. चाहते शहरात कधी आले, कोणत्या चौकात जमले, पहिली बाचाबाची किती वाजता आणि कोणाशी झाली, पोलीस कधी आले, रोजच्या गणवेशात आले की शिरस्त्राणे चढवून आले, आणि त्यांनी हुसकावले ते मोजक्या माणसांना की चौकातल्या सगळ्यांना, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. वृत्तसंस्थेच्या बातमीत हा क्रम बहुधा उलटा असतो; अटकेचा आकडा पहिल्या ओळीत येतो आणि सुरुवात कशी झाली हे शेवटच्या परिच्छेदात, आले तर. म्हणून यजमान देशातल्या वृत्तपत्रांतले वृत्तान्त, यंत्राकडून भाषांतर करून घेऊन का होईना, वाचावेत आणि दोन-चार दिवसांनी येणारे सविस्तर लेख तर सोडूच नयेत, कारण पहिल्या रात्रीचे वृत्त मुख्यतः पोलिसांच्या तोंडचे असते.

ही पद्धत कशी चालते हे पाहण्यासाठी १९९८ च्या विश्वचषकातले फ्रान्सचे बंदर मार्सेय घ्यावे. इंग्लंडचा ट्युनिशियाशी सामना १५ जूनला होता, परंतु जुन्या बंदराच्या परिसरातल्या चकमकी सामन्याआधीच सुरू झालेल्या होत्या. मार्सेयमध्ये उत्तर आफ्रिकी वंशाची वस्ती मोठी असल्याने ट्युनिशियाचा संघ त्या शहराला परका नव्हता. परके होते ते इंग्लिश, आणि त्यांच्यातले काही जण वंशद्वेषी घोषणा देऊन ते परकेपण स्वतःच वाढवत होते. सामाजिक मानसशास्त्राचे अभ्यासक क्लिफर्ड स्टॉट आणि त्यांचे सहकारी त्या दिवसांत गर्दीत मिसळून नोंदी घेत होते. चाहत्यांनी त्यांना सांगितलेला क्रम असा होता: स्थानिक तरुणांच्या टोळक्यांनी हल्ले केले, पोलिसांनी त्यांना आवरले नाही, आणि पोलीस पुढे आले तेव्हा अश्रुधूर सोडला गेला तो इंग्लिश गर्दीवर, सरसकट. ज्या माणसाने सकाळपर्यंत आपल्यातल्या गुंडांपासून चार हात लांब राहणे पसंत केले होते, त्यालाच संध्याकाळी ते गुंड आपले पाठीराखे वाटू लागले.

हे एका बाजूचे म्हणणे आहे हे उघड आहे आणि ते जसेच्या तसे सत्य म्हणून लिहू नये. पण गर्दीतल्या माणसाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटले की नाही, यावरून तो पुढे काय करील हे ठरते. म्हणून त्याचे वाटणे हीसुद्धा घटनाक्रमातली एक नोंद समजावी. १९९० च्या विश्वचषकाबाबत स्टॉट आणि स्टीफन रायशर यांनी केलेल्या अभ्यासातही हेच चित्र दिसते. इटलीने इंग्लंडचे साखळीतले तिन्ही सामने सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहरात ठेवले, चाहते मुख्य भूमीपासून दूर राहावेत हा त्यामागचा उघड हिशेब होता. १६ जूनला नेदरलँड्सशी सामना होता आणि स्टेडियमकडे चालत निघालेल्या इंग्लिश जमावाची पोलिसांशी चकमक झडली. बेटावर पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक इंग्लिश माणसाकडे संशयिताच्या नजरेने पाहिले जात असेल, तर ‘आपण सगळे एकच’ ही भावना त्या जमावात आणखी कोणी पेरायला नको.

‘दारू’ या शब्दापाशी थांबावे

दारूचा वाटा नाकारणे खुळेपणाचे होईल. १९८८ पर्यंत इंग्लंडमधल्या पबना दुपारी काही तास बंद ठेवण्याचे बंधन होते आणि रात्री अकराच्या सुमारास दारे लावण्याचा रिवाज तर पुढेही बरीच वर्षे टिकला. अशा देशातला तरुण भूमध्य समुद्राकाठच्या चौकात सकाळी अकरापासून उन्हात बिअर घेऊन बसला, की त्याचा तोल कुठे जातो हे सांगायला संशोधक लागत नाही. पण स्पष्टीकरण म्हणून दारू अपुरी पडते, कारण तीच दारू पिणाऱ्या इतर गर्द्या तशा वागत नाहीत. १९९८ च्याच स्पर्धेत स्कॉटलंडचे चाहते फ्रान्सभर फिरले, पिण्यात ते इंग्लिशांच्या मागे नव्हते, आणि तरीही बोर्दोसारख्या शहरांनी त्यांचे कौतुक केले. याचे एक कारण असे, की ‘आम्ही इंग्लिश नाही’ हे दाखवणे हाच त्यांच्या स्कॉटिशपणाचा भाग झालेला होता; त्यांच्यातला कोणी हात उगारू लागला तर बाकीचेच त्याला आवरत. डेन्मार्कच्या चाहत्यांनी तर आपल्या भाषेतल्या ‘रोलिग’ म्हणजे शांत या शब्दावरून स्वतःला ‘रोलिगन’ असे नाव घेतले. हुल्लडबाज या अर्थाच्या ‘हुलिगन’ या इंग्रजी शब्दाला दिलेली ही मार्मिक कोपरखळीच होती.

तेव्हा बातमीत दारू आली, की लगेच शेजारी एक प्रश्न लिहावा: त्याच शहरात, त्याच आठवड्यात तितकेच प्यायलेले दुसरे कोणी होते का, आणि त्यांचे काय झाले?

कोण होते, हे आकड्यांवरून ठरवू नये

ब्रिटिश पोलिसांनी चाहत्यांची जुनी वर्गवारी ए, बी, सी अशी केलेली होती. ‘ए’ म्हणजे शांत प्रेक्षक, ‘सी’ म्हणजे हिंसा ठरवून घडवणारे, आणि ‘बी’ म्हणजे एरवी निरुपद्रवी पण चिथावणी मिळाल्यास त्यात ओढले जाणारे. दंगलीचा खरा प्रश्न या मधल्या वर्गाचा आहे. ‘सी’ वर्गातले लोक इंग्लंडमध्ये आपापल्या क्लबभोवती टोळ्या करून असत, त्यांना तिथे ‘फर्म’ म्हणतात. वेस्ट हॅमच्या टोळीने तर ज्या इंटरसिटी गाड्यांतून ती प्रवास करी त्यांच्यावरून आपले नाव घेतले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या टोळ्यांनी क्लबचे स्कार्फ टाकून महागडे, ब्रँडचे कपडे घालायला सुरुवात केली. अशा पेहरावामुळे पोलिसांच्या नजरेत भरणे टळत असे, ही त्यातली सोय. लेस्टर विद्यापीठातल्या एरिक डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसांचा उगम कामगार वस्त्यांमधल्या रांगड्या पुरुषीपणात शोधला, जिथे मारामारीत न हटणे ही प्रतिष्ठा असते. हे स्पष्टीकरण ‘सी’ वर्गाला बऱ्यापैकी लागू पडते; नोकरीवरून रजा काढून आलेल्या, लेकराबाळांचा बाप असलेल्या चाळिशीतल्या इलेक्ट्रिशियनला ते लागू पडत नाही.

राष्ट्रीय संघाच्या चाहत्यांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कोणतेही छायाचित्र मोठे करून त्यातले झेंडे वाचावेत. इंग्लंडच्या झेंड्यावरच्या सेंट जॉर्जच्या लाल क्रूसाच्या आडव्या पट्टीवर बहुधा गावाचे नाव लिहिलेले असते, आणि ती नावे मँचेस्टर-लिव्हरपूलपेक्षा खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या लहान शहरांची अधिक असतात. ज्याचा क्लब युरोपीय स्पर्धेत कधी खेळणारच नाही, त्याला परदेशात झेंडा लावण्याची संधी इंग्लंडच्याच संघामुळे मिळते. मग चौक ‘आपला’ करायचा, कठडे झेंड्यांनी भरून टाकायचे आणि दुसऱ्या महायुद्धात पाडलेल्या जर्मन विमानांची गाणी म्हणायची, हा त्या सहलीचा विधीच होऊन बसतो. बहुतेकांच्या लेखी ती चेष्टा असते. ज्याच्या गावात ती चालते त्याला ती चेष्टा वाटत नाही, आणि वाटावी अशी अपेक्षाही करू नये.

अटकेच्या आकड्यांचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. युरो २००० या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेत इंग्लंडने १७ जूनला बेल्जियममधल्या शार्लरुआ येथे जर्मनीला १–० असे हरवले. त्या दिवशी शार्लरुआत आणि त्या सुमारास ब्रुसेल्समध्ये झालेल्या गोंधळात नऊशेहून अधिक इंग्लिश चाहते पकडले गेले. आकडा भयंकर दिसतो. पण त्यांतल्या बहुतेकांना खटला न भरता मायदेशी पाठवण्यात आले, आणि बहुतेकांची नावे ब्रिटिश पोलिसांच्या हुल्लडबाजांच्या यादीत नव्हती. याचे दोन अर्थ निघतात: यादी चुकीची होती, किंवा पकडताना निवड केली गेली नाही. दोन्ही अर्थ लिहून ठेवावेत. शार्लरुआच्या चौकातली खुर्च्यांची फेकाफेक आणि पाण्याचे फवारे हा प्रत्यक्षात थोडाच वेळ चाललेला प्रकार होता, दूरचित्रवाणीने तो पुनःपुन्हा दाखवून दिवसभराचा केला. युरोपीय फुटबॉल संघटनेने इंग्लंडला स्पर्धेतून काढण्याची धमकी दिली ती त्याच वातावरणात.

समोर कोण होते

इंग्लिशांची दंगल असे म्हणताना समोरचा पक्ष गृहीतही धरला जात नाही. इंग्लिश हुल्लडबाजांची कीर्ती १९७० च्या दशकापासूनची आहे: १९७४ मध्ये रॉटरडॅमला टॉटनहॅमचे चाहते, १९७५ मध्ये पॅरिसला लीड्सचे, १९७७ मध्ये सेंट-एत्येनला मँचेस्टर युनायटेडचे. त्या कीर्तीचा परिणाम असा झाला, की पुढे इतर देशांतल्या टोळ्यांना इंग्लिशांना हरवणे हे पदक वाटू लागले. ११ जून २०१६ रोजी पुन्हा मार्सेयमध्येच इंग्लंड–रशिया सामन्याच्या निमित्ताने जे घडले, ते या दृष्टीने पाहावे. शहरातल्या चौकांत आधीच्या दोन दिवसांत स्थानिक तरुण, इंग्लिश चाहते आणि अश्रुधूर यांचा १९९८ चाच प्रयोग पुन्हा झाला होता. त्यात त्या दिवशी सुमारे दीडशे रशियन उतरले, ते प्रशिक्षित आणि अतिशय वेगवान, अतिशय हिंसक कारवाईच्या तयारीने आलेले होते असे तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितले. सामना संपताच स्टेडियममध्येही रशियन चाहते इंग्लिश प्रेक्षकांवर धावून गेले आणि माणसे कठडे ओलांडून पळाली. इथे ‘इंग्लिश हुल्लडबाजी’ हे शीर्षक देणे म्हणजे मार खाणाऱ्यालाच फिर्यादीत आरोपी करणे होते, आणि काही वृत्तपत्रांनी पहिल्या दिवशी तेच केले.

पोलिसांची पद्धत तपासावी

सगळ्या सूचनांत ही मला सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे जवळपास प्रयोगशाळेसारखा पुरावा उपलब्ध आहे. युरो २००४ साठी पोर्तुगालच्या सामन्यांच्या शहरांतला बंदोबस्त पीएसपी या शहरी पोलीस दलाकडे होता आणि त्या दलाने स्टॉट व डच अभ्यासक ओटो आडांग यांच्यासारख्यांचे निष्कर्ष मनावर घेतले होते. पोलीस दोघा-दोघांनी, साध्या गणवेशात चौकांत फिरत, चाहत्यांशी बोलत, कुठे चढत्या आवाजात कोणी भांडू लागला तर लवकर आणि त्याच्यापुरतेच लक्ष घालत. दंगलनियंत्रक तुकड्या तयार असत, पण गल्लीआड, नजरेआड. इंग्लंडचे प्रचंड संख्येने आलेले चाहते पहिला सामना फ्रान्सविरुद्ध अखेरच्या मिनिटांत हरले, उपांत्यपूर्व फेरीत लिस्बनला यजमानांकडूनच पेनल्टींवर हरले, आणि तरीही सामन्यांच्या शहरांत म्हणण्यासारखी दंगल झाली नाही.

त्याच स्पर्धेच्या काळात आल्गार्व्हच्या किनाऱ्यावरील आल्बुफेरा या सहलीच्या गावात मात्र सलग दोन रात्री इंग्लिश पर्यटक आणि पोलीस यांच्यात धुमश्चक्री झाली. तिथला बंदोबस्त जीएनआर या निमलष्करी दलाकडे होता आणि त्याने शहरांतली ही पद्धत स्वीकारलेली नव्हती. देश तोच, आठवडा तोच, बिअर तीच, इंग्लिश तेच. आल्बुफेरात सहलीला आलेला इंग्लिश आणि लिस्बनला सामन्याला आलेला इंग्लिश हे अगदी एकसारखे नव्हते, हा आक्षेप योग्य आहे आणि तो नोंदवावा. तरी फरक एवढा मोठा होता, की केवळ त्या आक्षेपाने तो भरून निघत नाही.

दरम्यान ब्रिटनने २००० मध्ये कायदा कडक केला. त्याआधी गुन्हा सिद्ध झालेल्यांनाच परदेशी सामन्यांपासून रोखता येई. आता पोलिसांच्या अर्जावरून, शिक्षा झालेली नसतानाही, न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते आणि त्या व्यक्तीला स्पर्धेच्या काळात पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो. २००६ च्या जर्मनीतल्या विश्वचषकाच्या वेळी असे हुकूम तीन हजारांहून अधिक होते. शांततेचे श्रेय ब्रिटिश सरकार या कायद्याला देते आणि अभ्यासक पोलिसांच्या पद्धतीला. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्यामुळे त्यांची वाटणी करणे कठीण आहे, पण आल्बुफेरा झाले तेव्हा कायदा लागू होता, एवढे ध्यानात ठेवावे.

जिथे ही पद्धत अपुरी पडते

वेळापत्रकावरून सगळेच उलगडते असे नाही. १५ फेब्रुवारी १९९५ ला डब्लिनमधला आयर्लंड–इंग्लंड मैत्रीचा सामना २७ मिनिटांनी सोडून द्यावा लागला, कारण वरच्या मजल्यावरून इंग्लिश चाहते बाके मोडून खालच्या प्रेक्षकांवर फेकत होते. त्यांच्यात अतिउजव्या गटांचे लोक होते, आयर्लंडविषयीचा त्यांचा द्वेष राजकीय होता, आणि त्यासाठी कोणा पोलिसाने त्यांना डिवचण्याची गरज नव्हती. पोलिसांच्या चुका शोधण्याची सवय लागलेल्या वाचकाने हे उदाहरण अधूनमधून आठवावे.

जबाबदारी लिहिताना हेझेलचा निकाल नमुना म्हणून समोर ठेवावा. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या त्या जीर्ण स्टेडियममध्ये युरोपीय क्लब स्पर्धेच्या लिव्हरपूल–युव्हेंटस अंतिम सामन्याआधी इंग्लिश चाहत्यांनी शेजारच्या विभागावर चाल केली, मधले तकलादू कुंपण टिकले नाही, पळणारी माणसे भिंतीपाशी चेंगरली, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, त्यांतले बहुतेक इटालियन. तटस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून राखलेल्या त्या विभागाची तिकिटे युव्हेंटसच्या चाहत्यांच्या हाती गेली होती आणि पोलीस अपुरे होते. १९८९ मध्ये बेल्जियमच्या न्यायालयाने लिव्हरपूलच्या १४ चाहत्यांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवले, आणि त्यांच्याबरोबर एका फुटबॉल अधिकाऱ्याला व एका पोलीस अधिकाऱ्यालाही. ‘स्टेडियम जुने होते’ असे म्हणून चाल करणाऱ्यांना सोडता येत नाही, आणि ‘चाल केली’ असे म्हणून तिकिटे विकणाऱ्यांना सोडता येत नाही.

याच्या नेमकी उलट चूक पॅरिसला २८ मे २०२२ रोजी झाली. लिव्हरपूल–रिअल माद्रिद अंतिम सामना ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला. प्रवेशद्वारांबाहेर तासन्‌तास कोंडलेल्या लोकांवर, मुलाबाळांवरही, अश्रुधूर सोडला गेला, आणि फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी खोट्या तिकिटांवर किंवा तिकिटाविना आलेल्या तीस ते चाळीस हजार चाहत्यांकडे बोट दाखवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीने मुख्य जबाबदारी युरोपीय फुटबॉल संघटनेवर ठेवली आणि पोलिसांनी लिव्हरपूलच्या चाहत्यांना हुल्लडबाज गृहीत धरले होते हेही नोंदवले. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ माणसे गमावलेल्या आणि ती चाहत्यांच्याच दोषाने मेली हे असत्य वर्षानुवर्षे ऐकलेल्या लिव्हरपूल शहराला हे नवे नव्हते.

लिहिताना

वाक्याचा कर्ता जपून निवडावा. ‘इंग्लिश चाहत्यांनी धुडगूस घातला’ या वाक्यात वीस हजार माणसे येतात. ‘चौकातल्या साठ-सत्तर जणांच्या टोळक्याने कॅफेवर हल्ला केला आणि पोलिसांनी चौक रिकामा केल्यावर शेजारच्या रस्त्यांवर दगडफेक सुरू झाली’ हे लांबलचक असले तरी त्यात कोण, कधी आणि कशानंतर, हे सगळे सांगता येते. संख्या माहीत नसेल तर ‘काही’ हा शब्द वापरायला लाजू नये.

बातमी नसते तेव्हाही हीच तपासणी करावी. २०२२ च्या कतार विश्वचषकात इंग्लंड किंवा वेल्सच्या एकाही चाहत्याला अटक झाली नाही असे ब्रिटिश पोलिसांनी जाहीर केले आणि त्याचे श्रेय बहुतेकांनी स्टेडियममधल्या बिअरबंदीला देऊन टाकले. त्या शून्याशेजारीही तेच प्रश्न लिहावेत: एवढ्या महागड्या प्रवासाला कोण गेले होते आणि कोण घरीच राहिले, किती जणांचे पासपोर्ट जमा होते, दोहात स्थानिक टोळ्या समोर होत्या का, आणि चाहते जिथे जमत होते तिथे उभा असलेला पोलीस कोणत्या वेषात होता.